सुई ओवून घ्या

"सुई ओवून घ्या. मी हाय हितंच."

एवढं बोलून मावशी शिलाई मशीनवर हात ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. समोर स्टँडवर माझा मोबाईल चालू. त्यात कुणी बाई चष्मा शोधत असावी, तशा त्या मोबाईलकडे बघत राहायच्या. ब्लाऊज शिवायला शिकवणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील, पण शिकवता शिकवता एवढं गप्प बसणारं माणूस तुम्हाला भेटलं नसेल.

भिंगारला लष्करी छावणीजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याच गल्लीत मावशींचं शिवणकाम होतं. फौजींच्या वर्दीची उंची कमी-जास्त करून देण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी गिऱ्हाइकं कमी केली आणि शिकवणी मोबाईलवर सुरू केली. रविवारी चर्चहून आल्या की शूटिंग. एडिटिंग माझं, चहा त्यांचा.

मी लग्नांचे व्हिडिओ करणारा. गाणं टाकायचं आणि पळवायचं, एवढंच मला ठाऊक.

"मावशी, हे थांबणं मी कापतो. लोकं कंटाळून निघून जातात."

"ज्यांची ओवून झाली त्यांना जाऊ दे की. जिला दिसत न्हाई, तिनं कुटं जायचं?"

मी वैतागायचो. पण व्हिडिओखाली बायका लिहायला लागल्या, 'ओवली मावशी.' मावशी त्या सगळ्या ओळी मला वाचायला लावायच्या आणि प्रत्येकीला उत्तर द्यायला लावायच्या. माझा अंगठा दुखून यायचा.

माझंही काही त्या ऐकायच्या. उजेडासाठी मशीन दाराशी आणलं, व्हिडिओला 'जाड दंडाची बाही' असं सरळ नाव दिलं. एका गोष्टीला मात्र कधीच तयार झाल्या नाहीत. 'सबस्क्राईब करा' म्हणा, म्हटलं की तोंड वाकडं करायच्या. "दारात आलेलीला बस म्हनावं. रोज येत जा म्हनून पदर धरायचा का?"

दोरा मात्र त्या दातांनी तोडायच्या. बायका खाली लिहून रागवायच्या. पुढच्या रविवारी मावशी कात्री हातात घेऊन दाखवायच्या, बाजूला ठेवायच्या आणि दोरा पुन्हा दातांनीच तोडायच्या.

एकदा शूटिंग चालू असताना बोलण्याच्या नादात त्यांनी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच कापल्या. नवख्या पोरीसारखी चूक. मला हसू आवरेना. मी मोबाईल बंद केला.

"बंद कशाला केलास? चालू कर. त्याबी हीच चूक करनार हायेत."

त्यांनी दोन्ही बाह्या मोबाईलसमोर धरल्या. "बघा, मावशी कशी येडी हाय. आता हे निस्तरायचं कसं, ते पुडच्या रविवारी."

त्याखाली खर्डा गावच्या एका बाईनं लिहिलं, 'मावशी, माझ्या पण दोन्ही उजव्याच झाल्या. लेकीच्या साखरपुड्याचा ब्लाऊज आहे. नक्की सांगा, वाट बघते.' मावशींनी मला उत्तर लिहायला लावलं, 'सांगते.'

रविवार यायच्या आत मावशी दवाखान्यात होत्या. छातीत पाणी झालेलं, बोलताना धाप लागायची. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, "मोबाईल आनलास का? ती खर्ड्याची बाई वाट बघत आसंल."

"बरं वाटल्यावर करू, मावशी."

"साखरपुडा थांबतो व्हय रे?"

त्यांचा चेहरा दाखवायचा नाही, असं ठरलं. मी नुसता आवाज घेतला.

"कापड दोन्हीकडनं सारखं आसंल तर एक बाही उलटी कर. जरीचं आसंल तर उरलेल्या कापडातनं नवी काढ. कमी पडलं तर जोड काखेत घे, कुनाला दिसत न्हाई. आता सुई ओवून घे. मी हाय हितंच."

आणि त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं वाटून मी मोबाईल बंद करायला हात पुढे केला. त्यांनी डोळे न उघडताच बोट हलवलं. नको. थोड्या वेळानं त्या पुढचं बोलल्या, मुंढ्याला बाही जोडण्यापर्यंतचं सगळं.

रात्री मी तो आवाज जसाच्या तसा टाकला. त्याच आठवड्यात मावशी गेल्या.

पुढे खर्ड्याहून फोटो आला. हिरव्या ब्लाऊजमधली मुलगी दोन्ही हात वर करून हसते आहे. खाली लिहिलं होतं, 'मावशींना दाखवा.' मी सवयीनं मोबाईल घेऊन निघालोसुद्धा. त्यांच्या दाराला कुलूप दिसलं तेव्हा कुठं ध्यानात आलं.

मला मावशींची फार आठवण येते. त्या दिवशी तर इतकी आली की मी तिथंच पायरीवर बसलो आणि त्यांचा एक जुना व्हिडिओ लावला. मावशी म्हणाल्या, "सुई ओवून घ्या. मी हाय हितंच," आणि मशीनवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"ओवली, मावशी," मी म्हणालो.