नांगरामागचा करकोचा

मी एकदा एका पाखराला टपालवाला समजले. हसा, हसून घ्या. माझी नातवंडंही हसतात. त्यांना मी गोष्ट इथवरच सांगते. पुढे हसण्यासारखं काही नाही.

तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची असेन. लग्न होऊन निघोज्याला आले त्याला वर्ष होत आलं होतं. चौथी पास. त्या घरात माझ्याखेरीज कुणालाही अक्षर येत नव्हतं, त्यामुळे मी चूल फुंकायचे तीसुद्धा शिकलेल्या बाईसारखी. सासूबाईंना काही कळत नाही, मालकांना त्याहून कळत नाही आणि थोरल्या जाऊबाईंना तर काहीच कळत नाही, असं माझं पक्कं मत होतं. आज ती पोरगी समोर आली, तर दोन्ही कान धरून मी तिला इंद्रायणीत बुचकळून काढीन.

घरात माणसं चार. सासूबाई, माझे मालक, मी आणि थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणायचे. थोरले दीर पलटणीत होते. लढाईत सिंगापूर पडलं आणि त्यानंतर त्यांचा पत्ता लागला नाही. सरकारनं त्यांना केव्हाच गेलेलं धरलं. घरानं धरलं नाही. प्रेत कुणी पाहिलं नव्हतं, मरताना कुणी पाहिलं नव्हतं, मग कुंकू पुसायचं कशावरून? आक्का तेव्हा माझ्याच वयाची होती म्हणे. ती वाट बघत बसली. बसली म्हणजे आपलं बोलायचं. दळत, कांडत, शेण काढत, खुरपत ती वाट बघत होती. मी त्या घरात आले तोवर ती तिशीकडे झुकली होती आणि हसायचं कसं ते विसरली होती.

अशा माणसाची बारा वर्षं वाट बघायची, ही आमच्याकडची रीत. मग पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि नदीवर नेऊन त्याला अग्नी द्यायचा. तो पुतळा जळला की माणूस गेला. आमच्या घरची बारा वर्षं सरून वर थोडे दिवस झाले होते, आणि भटजींनी फाल्गुनाची अमावास्या धरून दिली होती. फाल्गुनात पळसाला पान राहत नाही, नुसती फुलं असतात. म्हणून सासूबाईंनी पानं आधीच तोडवून, वाळवून, भारे बांधून माळ्यावर टाकली होती. आक्का दिवसातून दहादा त्या भाऱ्यांखालून ये-जा करायची.

माघात आक्काचा भाऊ एक पाहुणा घेऊन आला. चाकणच्या पलीकडचा, कांद्याचं रान असलेला, बायको वारलेली, दोन पोरं लहान. बैल बघायला आलोय म्हणाला. आक्कानं पाणी दिलं. तो बैलाकडे पाठ करून ओसरीवर बसला आणि तांब्या रिकामा झाला तरी तोंडाला लावून बसला.

तो गेल्यावर मी मालकांना म्हटलं, "कसलं गिऱ्हाईक म्हनायचं ह्ये? बैलाचं दात बघितलं न्हाईत, काय न्हाई."

"तुला लई कळतंय. त्यो बैल न्यायला आलता व्हय?"

मग त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं. अमावास्येला पुतळ्याला अग्नी दिला की आक्का मोकळी. वैशाखात तिचा पाट लावून द्यायचा. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात चालायचं, वाजंत्री न लावता, अंधार पडल्यावर. सासूबाई हो म्हणाल्या होत्या, पण ते नुसतं तोंडानं. लेकाला स्वतःच्या हातानं जाळायचं म्हणजे सोपं असतं का?

आणि मी काय समजले? मला रडूच आलं. कीर्तनातून ऐकलेल्या सगळ्या पतिव्रता माझ्या डोक्यात फेर धरून होत्या. बिचारी आक्का, बारा वर्षं नवऱ्यासाठी झुरली आणि आता हे लोक तिला कांदेवाल्याच्या गळ्यात बांधणार! त्याच दिवसांत आक्का पहाटे जात्यावर बसली की गुणगुणायला लागली होती. वर्षभरात मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. मी मालकांना म्हटलं, "दुःखानं डोकं फिरलं हो तिचं." इतकी मी हुशार.

नदीकाठच्या रानात हरभरा निघून गेला होता आणि मालक नांगर धरत होते. नांगरामागं हुमण्या खायला बगळे असायचे, साळुंक्या असायच्या. त्यात एके दिवशी एक भलतंच पाखरू दिसलं. माझ्या कमरेपर्यंत येईल एवढं उंच. अंग पांढरंशुभ्र, पंखांच्या कडा काळ्या, चोच लाल, पाय लाल. आमच्याकडचे करकोचे मला ठाऊक होते, पण हा त्यातला नव्हता. मालक म्हणाले, "माज्या जल्मात असलं पाखरू बघितलं न्हाई." आदल्या दिवशी तसल्याच पाखरांचा एक थवा फार उंचावरून घिरट्या घेत देहूच्या डोंगराकडे गेला होता. हे एकटंच मागं राहिलं होतं. दमलं होतं की रुसलं होतं, देव जाणे. नांगराच्या मागं रोजानं लावल्यासारखं चालायचं.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन गेले, तेव्हा त्याच्या पायात काहीतरी चमकलं. मी ओणवी होऊन पाहिलं. वाळा होता. पांढऱ्या धातूचा, आणि त्यावर अक्षरं कोरलेली. मी एक पाऊल पुढं टाकलं की ते एक पाऊल मागं. अक्षरं दिसत होती, वाचता येत नव्हती. चौथी पास बाईला वाचता येत नाही म्हणजे अक्षरं परदेशातलीच असणार. परदेशात आपलं कोण आहे? भावजी! तुरुंगात असतील, कागद मिळत नसेल, म्हणून पाखराच्या पायात निरोप घातला असेल. हे सगळं माझ्या डोक्यात एवढ्या झपाट्यानं जुळलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. भाकरी बांधावर टाकली आणि घराकडे पळत सुटले.

"आत्याबाई! आत्याबाई, भावजी जित्तं हायती! त्यांनी पाखरू धाडलंय!"

सासूबाई सुपात तांदूळ निवडत होत्या. सूप तसंच पडलं. आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, एवढंच मी पाहिलं. सासूबाई अनवाणी निघाल्या, त्यांच्यामागं मी, माझ्यामागं आक्का, तशीच पिठाच्या हातांनी.

पाखरू होतं तिथंच होतं. सासूबाई ढेकळांत बसल्या, डोळ्यांवर हात धरून कितीतरी वेळ त्या वाळ्याकडे बघत राहिल्या.

"ह्ये मानसानंच घातलंय न्हवं?"

मी म्हटलं, "मानसाबिगर कोन घालंल?"

"मंग त्यो मानूस माजं लेकरूच हाय." आणि त्यांनी पाखराला हात जोडले.

मालक म्हणाले, "आये, पाखरू कुठनं बी येतं. वाळा कुनी बी घातला आसंल."

"तुला भावाला जाळायची घाई झालीय व्हय रं?"

मालकांनी नांगराचा रुमणा धरला आणि मान खाली घातली. मग सासूबाई आक्काकडे वळल्या.

"तू बोल गं. तुजा नवरा हाय. ह्यो निरोप हाय का न्हाई?"

आक्काच्या हातावरचं पीठ उन्हानं वाळून पडत होतं. ती पाखराकडे बघेना, सासूबाईंकडे बघेना. माझ्याकडे बघत होती. मी तिला मान हलवून खूण केली: बोला, बोला, घाबरू नका! मला वाटलं, आनंदानं हिची दातखीळ बसली. नाही म्हणायला तिला जागाच कुठं ठेवली होती मी? नाही म्हटलं, तर बाई नवरा मेलेला बरा म्हणते असं झालं असतं.

"आत्याबाई, तुमी म्हनाल तसं," ती म्हणाली.

ऊन तापल्यावर पाखरानं पंख उघडले. दोन पावलं पळून वर उठलं, आमच्या डोक्यावर गोल गोल फिरत ठिपक्याएवढं झालं आणि देहूच्या अंगाला गेलं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊन सांगंल त्याला. फुडल्या साली उत्तर घिऊन यील."

अमावास्या तशीच गेली. आक्काचा भाऊ येऊन भांडला, हातापाया पडला. सासूबाईंनी त्याला सांगितलं, "माज्या लेकाचं पाखरू परत येऊ दे, मंग बघू." आक्का आतून ऐकत होती. भाऊ आत जाऊन तिला म्हणाला, "ताई, तू तरी बोल." ती म्हणाली, "जेवून जा." त्यानंतर पुन्हा जात्यावर गुणगुणणं ऐकू आलं नाही.

पुढल्या साली पाखरू आलं नाही. त्याच्या पुढल्या साली नाही. सासूबाई फाल्गुन लागला की बांधावर जाऊन बसायच्या, वारल्या त्या वर्षापर्यंत. त्या गेल्यावर पुतळ्याचा विषय कुणी काढलाच नाही. काढून कुणासाठी करायचा? माझे मालक पिंपरीला कारखान्यात लागले, रान वाट्यानं दिलं, आम्ही खोली करून राहिलो. आक्का आमच्याबरोबर आली. माझी सगळी पोरं तिनं वाढवली. म्हातारी होऊन गेली, ती भरल्या कपाळानं. चाळीतल्या बायका तिची ओटी भरताना म्हणाल्या, किती भाग्याची, सुवासिनी गेली. मी पदर तोंडात कोंबला. रडू नव्हे, ओरडणं येत होतं.

वाळ्याचं काय ते मला म्हातारपणी नातवानं सांगितलं. पाखरं कुठून कुठं जातात हे कळावं म्हणून तिकडच्या देशांतली माणसं त्यांच्या पायात असे वाळे घालतात. त्यानं चित्रही दाखवलं: पांढरा करकोचा. इथं फार क्वचित दिसतो, म्हणाला, आजी तू किती नशीबवान! मी त्याला चहा ठेवायला पाठवलं.

खरं तर त्यानंतरही मला ते दोनदा दिसले, पुढच्या दहा वर्षांत. एकदा निघोज्यालाच, नदीवर धुणं धुताना. सगळा थवा वर फिरत होता, उन्हात पंख उजळून परत काळे होत होते. दुसऱ्यांदा पिंपरीला, नव्या कारखान्याचे पाये खणत होते त्या माळावर, मातीच्या ढिगाऱ्यावर एकटाच उभा. खणणारे मजूर थांबून बघत होते. मी त्याच्या पायाकडे न बघता घरी आले. कुणाला काही बोलले नाही, मालकांनासुद्धा नाही.

का नाही बोलले, ते सांगते. अमावास्या हुकली, त्यानंतरचा वैशाख. त्या कांदेवाल्यानं दुसरीकडे सोयरीक केल्याचं दुपारी कळलं. दोन पोरं पदरात घेऊन तो तरी किती थांबणार? आक्का मागच्या पडवीत बसली होती. माळ्यावरचे पळसाच्या पानांचे भारे तिनं खाली ओढले होते, पानांवर पाणी शिंपडलं होतं आणि ती पत्रावळी लावत होती. गावची जत्रा तोंडावर होती, पानं वाया का घालवायची? पानावर पान ठेवायचं, काडीनं टोचायचं, उरलेली काडी मोडायची. मी समोर बसले आणि काडी उचलली. आणि काय सांगू, तोवरही माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता! मी म्हटलं, "बरं झालं, आक्का. सुटलात. आता भावजी येतील तवा तुमी हितंच असाल."

तिनं हातातली पत्रावळ पुरी केली, उलटून पाहिली आणि ढिगावर ठेवली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. तेव्हा मला कळलं. सगळं एकदम कळलं, ओसरीवरचा तो तांब्या, ते गुणगुणणं, रानातलं तिचं माझ्याकडे बघणं. माझ्या हातातली काडी खाली पडली. ती तिनं उचलून घेतली, नवीन पान ओढलं आणि मान खाली घालून म्हणाली,

"फुडल्या साली तसलं पाखरू दिसलं तर बघ हां पोरी, पोटभर बघ. पन घरात यिऊन सांगू नगंस."