सॅम्युएल सरांचा फाटा

“साहेब, तो तोडू नका. तो डॉक्टरांचा आहे.”

सिकेटर माझ्या हातात उघडंच राहिलं. सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची कात्री. भोवती जमलेल्या मंडळींतून कोणीतरी ओरडलं होतं. म्हटलं बरं, दुसरा घेऊ. “तो बी नका तोडू, तो आमच्या मोठ्या भावाचा.” तिसरा शाळेतल्या बाईंचा, चौथा दुबईला गेलेल्या कुटुंबाचा. द्राक्षाचा एक वेल, अकरा फाटे, आणि प्रत्येक फाट्याला तारेनं आवळलेली ॲल्युमिनियमची पट्टी. पट्टीवर आडनाव. अकोला, परतवाडा, अमरावती करत सारी नोकरी कृषी खात्यात गेली राजेहो, पण सातबारा असलेला वेल पहिल्यांदाच पाहिला.

आमच्या राजापेठेतल्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक लहानसं चर्च आहे. तिथले पाळक, म्हणजे पास्टर, मला बोलवायला आले होते. मी बौद्ध. बायबलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण वेलातलं कळतं.

भानगड अशी होती. वेल नऊ वर्षांचा, आणि एक मणी धरला नव्हता. चर्चच्या पंचमंडळानं ठराव केला, ईस्टरपर्यंत फळ आलं तर ठीक, नाहीतर वेल उपटून तिथं टू-व्हीलरसाठी शेड. वेल लावला होता चर्चमधल्याच रूथबाईंच्या यजमानांनी. ख्रिस्ती लोक प्रभुभोजनाला भाकर आणि द्राक्षाचा रस घेतात. रस दुकानातून बाटलीत यायचा. यजमान म्हणायचे, एकदा तरी आपल्या अंगणातला रस त्या प्याल्यात पडला पाहिजे. चार वर्षांपूर्वी ते गेले. रूथबाई तेव्हापासून रोज वेलाला पाणी घालत होत्या.

“साहेब, जमन का हो?” त्यांनी विचारलं.

“जमन. पण छाटल्याबिगर नाही.”

“छाटायचं नाही!” हे सॅम्युएल सर. पंचमंडळाचे सचिव, रिटायर्ड हेडमास्तर. चर्चमधल्या प्रत्येक घराला एक फाटा वाटून पट्ट्या त्यांनीच सुंदर अक्षरात कोरल्या होत्या. मला पोरासारखं समोर उभं करून त्यांनी धडा दिला. येशूनं शिष्यांना सांगितलं, मी वेल आहे, तुम्ही फाटे, माझ्यात राहा. वेलापासून सुटलेला फाटा वाळतो, मग लोक तो जाळतात. “आता सांगा, कोणाच्या घराचा फाटा तोडता?”

मी म्हटलं, “सर, त्यात माळ्याचं काही लिहिलंय काय?”

पाळक गालात हसले. “लिहिलंय ना. पिता माळी आहे. फळ देणाऱ्या फाट्यालाही तो छाटतो, आणखी फळ यावं म्हणून. मी तीनदा सांगितलं प्रवचनात.”

पण ऐकणार कोण? आपल्या भागात संत्री. द्राक्षाची छाटणी कोणी पाहिलेली नाही. द्राक्षाला ऑक्टोबरात छाटलं नाही तर वेल नुसता पाला वाढवतो. छाटलं की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटतात, आणि त्या फुटीवर घड येतो. अन् ऑक्टोबर तर चालूच होता.

“मंग इथं माळी कोण?” रूथबाईंनी विचारलं.

मी सिकेटर वर केलं.

“साहेब,” पाळक हळूच म्हणाले, “ती जागा देवाची आहे. तुम्ही आपले रोजंदारीवर.”

मग मी तारा दाखवल्या. एकेक तार काडीत रुतून बसली होती. वेलापासून सुटू नये म्हणून बांधली, अन् गळाच आवळला. ते पाहून एकेक घर कबूल झालं, दुबईचं फोनवर. डॉक्टर तर म्हणाले, “कापा बाप्पा, पेशंट वाचवा.” दहा फाटे झाले. राहिला सरांचा. सर्वांत जाड, सर्वांत हिरवा.

“पाहा,” सर म्हणाले, “याला कशाला कात्री? किती जोमदार!”

मला पानांवरून शंका आलीच होती. सरांना बाजूला नेऊन सांगता आलं असतं. पण माझा स्वभावच वात्रट. मी म्हटलं, “सर, तुमचा फाटा बोटानं वेलापर्यंत नेऊन दाखवा बरं.”

सर बोट फिरवत निघाले. मांडवावरून खाली, खोडाजवळ, आणखी खाली. खोडावरची कलमाची गाठ वरच राहिली. सर उकिडवे बसले, बोट मातीला टेकलं.

संत्र्याचं पाहा, खाली जंभेरीचा खुंट, वर संत्र्याचं कलम. गाठीखालून जे फुटतं ते जंभेरीच. द्राक्षाचंही तसंच. खालच्या रानखुंटाला फुटवा आला, की तो सारं पाणी पितो, माजतो, अन् वरचा वेल उपाशी राहतो. मी हे सर्वांसमोर सांगितलं. मोठ्या मजेत सांगितलं.

“म्हणजे मी... वेलाचा नाहीच?” सर म्हणाले. आवाज एकदम बारीक. कोणी हसलं नाही. मला माझीच लाज वाटली.

“सर, वेलाचा नाही हे मी फाट्याले म्हटलं. तुमाले नाही म्हटलं.”

पाळक म्हणाले, “सर, येशूनं उपमा दिली होती. हजेरीपट नव्हता दिला.”

“उपमा नाही, रूपक!” सर उसळले. “सारी हयात शिकवलं मी, वेल म्हणजे खरा वेल नसतो, फाटा म्हणजे...”

आणि थांबले. बोटाला लागलेल्या मातीकडे पाहिलं. मग स्वतःच खो खो हसले, माझ्या हातातून सिकेटर घेतलं आणि फुटवा बुडापासून कापला. हेडमास्तराचा हात, कापही सरळ.

“आता ही पट्टी?”

रूथबाई म्हणाल्या, “माह्या फाट्यावर जागा आहे सर. पण तार नका वापरू. सुतळीनं बांधा. सैल.”

ईस्टरला सात घड आले. त्यांचा रस किती निघणार? पण प्याल्यात पडला. रूथबाई प्याला दोन्ही हातांत धरून ढसाढसा रडल्या. शेड आता मागच्या गल्लीत झालं. पाळकांनी मला एक मणी दिला. बाप्पा, चिंच बरी!

“गोड आहे ना?” सरांनी विचारलं.

“लय गोड,” मी म्हटलं.

शिकलो एवढंच, की सर्वांत जोमदार दिसणारा फाटा आधी खालपर्यंत तपासावा. आमच्या खात्यात असे पुष्कळ होते, पण तिथं सिकेटर चालत नव्हतं. आणि दुसऱ्याचा फाटा तपासायचा, तर चारचौघांत नाही. सरांची पट्टी अजून रूथबाईंच्या फाट्यावर आहे. मधून मधून सर येतात, सुतळी आणखी थोडी सैल करतात.