नळ सोडून रडायचे दिवस

मुलगा तीन महिन्यांचा होईपर्यंत मी रोज आंघोळीच्या वेळी नळ मोठा सोडून रडत होते. मुलुंडला आमचं सातव्या मजल्यावरचं घर दोन खोल्यांचं. दुसरीकडे कुठे रडलं तर सगळ्यांना ऐकू जायचं. बाळ गुटगुटीत, नवरा समजूतदार, सासूबाई डिंकाचे लाडू करून भरवणाऱ्या. मग मी का रडत होते, हे माझं मलाच कळत नव्हतं. बाळाला दूध पाजायचे, लंगोट बदलायचे, सगळं वेळच्या वेळी करायचे. पण त्याच्याकडे बघून आत काही हलायचं नाही. शेजारचं मूल कुणीतरी सांभाळायला दिलंय, असं वाटायचं.

संध्याकाळी त्याला घेऊन मी बिल्डिंगच्या आवारात फेऱ्या मारायचे. तिथेच ती भेटली. चौथ्या मजल्यावरची नवी सून. देवगडकडून लग्न होऊन आलेली, एकोणीस वर्षांची, आठवा महिना लागलेला. बारावी अर्धवट सोडलेली.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "ताई, खूप दुखतं का गं?"

"दुखतं. भरपूर दुखतं," मी म्हटलं. "पण मध्ये मध्ये थांबतं. तेवढ्यात श्वास घ्यायचा."

ती हसली. "बरं झालं खरं सांगितलंस. बाकीचे सगळे नुसतं 'घाबरू नको' म्हणतात."

मग आम्ही रोजच एकत्र चालायला लागलो. ती काहीही विचारायची. टाके कुठे घालतात, दूध आलंच नाही तर काय, त्या वेळी नवऱ्याला आत घेतात का. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगायचे. एकदा तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "तू रडलीस ना आज?"

"रोजच रडते," मी म्हटलं. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. तिने बाळाला माझ्याकडून घेतलं आणि पुढची फेरी स्वतःच्या खांद्यावर घेऊन मारली.

त्यानंतरच्या आठवड्यात ती एकदा अनवाणीच खाली आली. चपला पायात शिरत नव्हत्या. तोंडही सुजलेलं.

"सकाळपासून डोकं फुटतंय," ती म्हणाली. "आणि डोळ्यांसमोर काजवे चमकतायत."

माझ्या वेळी डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं, की असं झालं तर घरी थांबायचं नाही, लगेच यायचं. मी तिला घेऊन तिच्या घरी गेले. तिच्या सासूबाई मासे साफ करत बसल्या होत्या.

"अगो, पाय सगळ्यांचेच सुजतत," त्या म्हणाल्या. "माझेय सुजले हुते. उद्या बघूया."

"उद्या नाही मावशी, आत्ता. मी रिक्षा बोलावतेय. तुम्ही येता की मी एकटीच नेऊ?"

माझा आवाज ऐकून मीच चकित झाले. कित्येक महिन्यांत मी इतकं ठामपणे काही बोलले नव्हते. मावशींनी एकदा सुनेच्या तोंडाकडे बघितलं, हात धुतले आणि पिशवी घेऊन निघाल्या. माझं बाळ मी सासूबाईंकडे दिलं आणि आम्ही तिघी रिक्षात बसलो.

तिचं बीपी खूप वाढलेलं निघालं. तिला तसंच दाखल करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सिझर केलं. मुलगी झाली, वजनाने कमी. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली, पण दोघी सुखरूप. मावशींनी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये माझा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिला भेटायला गेले होते तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी मला सहज विचारलं, "तुमचं बाळ केवढं? तुम्ही कशा आहात?"

बरी आहे म्हणणार होते. पण पलंगावरून ती बोलली, "ताई, सांग ना त्यांना."

मी सांगितलं. नळाचं, रडण्याचं, बाळाबद्दल काहीच न वाटण्याचं. बाई अजिबात दचकल्या नाहीत. "हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होतो आणि उपचारांनी बरा होतो. तुम्ही वाईट आई नाही." त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. नवरा बरोबर आला. सासूबाईंना आधी पटेना, पण दूध पाजताना चालतील अशा गोळ्या आहेत हे कळल्यावर त्याच आठवण करून द्यायला लागल्या.

एका दिवसात काही झालं नाही. पण एका दुपारी मुलगा जांभई देता देता मध्येच हसला आणि मला जोरात हसू आलं. मी त्याला उचलून छातीशी धरलं. हा माझा, असं वाटलं, आणि ते दुसऱ्या दिवशीही वाटलं.

आता मी परत कामावर जाते. बिल्डिंगमध्ये कुणाला दिवस गेले की आम्ही दोघी आपणहून भेटायला जातो. कधी दुखतं, कधी घरी थांबायचं नाही, हे सांगतो. बाळंतपणानंतर मन ठिकाणावर नसेल तर तेही बोल, असं मी मुद्दाम सांगते. सुरुवातीला काही जणी लाजल्या. आता फोन करून बोलावतात.

चौथ्या मजल्यावरच्या माझ्या मैत्रिणीने तांबी बसवून घेतली. नवऱ्याशी बोलून, मग सासूला सरळ सांगून. "दुसरं इतक्यात नाही. आधी बारावी," ती म्हणाली. मावशी जरा फुगल्या. पण जूनपासून ती क्लासला जाते, तेव्हा नात त्यांच्याच कडेवर असते.