सगळ्यांना बेचाळीस

धुराचा धंदा केला की शर्टाच्या कॉलरला काजळी बसते आणि डोक्यात किस्से. कॉलर बायकोनं घासघासून साफ केली, किस्से मात्र निघता निघत नाहीत. गेल्या रविवारी जुने मित्र जमले, कुणीतरी म्हणालं, "मास्तर, ती जूचंद्रची पिकअप आठवते का?" झालं. चहा गार झाला तरी मी बोलतोच आहे.

मास्तर म्हणजे मी. शाळेत कधी शिकवलं नाही. माणिकपूरला पेट्रोलपंपाशेजारी माझी पांढरी व्हॅन उभी असायची, तिच्यात धूर तपासायचं मशीन. गाड्यांना पास-नापास करतो म्हणून लोक मला 'धूरमास्तर' म्हणायचे. खरं सांगायचं तर नापास मी कुणाला केलंच नव्हतं. डिझेलच्या गाडीला पासष्टची मर्यादा. मी डोळे मिटून बेचाळीस लिहायचो. फार कमी नाही, फार जास्त नाही. सभ्य आकडा.

*

एकदा एक ट्रकवाला रिक्षातून उतरला. हातात आरसी बुक. म्हणाला, "पीयूसी द्या."

मी पुस्तक उघडलं. बेचाळीस लिहिलं, सही केली, शिक्का मारला. सहज विचारलं, "गाडी कुठाय?"

"गॅरेजला. इंजिन उतरवलंय. पुढच्या आठवड्यात बसवतील."

इंजिन नसलेल्या ट्रकचा धूर बेचाळीस! त्या दिवशी मी पोट धरून हसलो होतो. आता तो कागद आठवला की हसू येत नाही.

*

अशा माझ्या राज्यात एके सकाळी जूचंद्र गावचे हिराजीकाका आले. साठीचा माणूस, डोक्याला टोपी. भातशेती, थोडं मिठागर, आणि मीठ-पेंढा वाहायला एक जुनाट डिझेल पिकअप. ती पंपावर शिरली की हवा भरणारा माणूस खोकायला लागायचा.

मी पुस्तक उघडलं. काकांनी त्यावर हात ठेवला.

"पुस्तक मिट. मशीन चालू कर."

आता मशीन चालू करायचं म्हणजे त्याच्यावरचा माझा डबा काढायला हवा, नळी शोधायला हवी. दहा मिनिटं गेली. शेवटी नळी सायलेन्सरमध्ये सारली, काकांनी रेस दिली. आकडा आला एक्क्याण्णव.

मी हळूच म्हटलं, "काका, बेचाळीस लिहू का?"

"लिवलंस तर हीच गारी तुझ्या व्हॅनवर घालीन."

*

एवढा राग कशाचा, ते मला मागून कळलं. तेव्हा तिकडं नायगाव पूर्वेला बिल्डिंगा उठायला लागल्या होत्या. भरणीच्या मातीचे डंपर दिवसभर जूचंद्रच्या रस्त्यानं जायचे. अंगणात वाळत घातलेलं भात काळं व्हायचं. गावच्या बैठकीत हिराजीकाका उठले आणि म्हणाले, "धूर सोडनारा डंपर गावातून जानार नाय."

डंपरवाले शेठ तिथंच बसलेले. ते शांतपणे म्हणाले, "काका, तुमची पिकअप काय अगरबत्ती सोडते?"

अख्खी बैठक हसली. काकांचे सख्खे भाऊबंदसुद्धा. काका उभेच होते. म्हणाले, "माझी गारी मशीनवर पास करीन, मंगच तोंड उघरीन." आणि खाली बसले.

त्या दिवसापासून डंपर जात होते आणि काका गप्प होते. ज्या माणसाचा आवाज मिठागराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायचा, तो गप्प.

*

एक्क्याण्णव आल्यावर काका जायला तयार होईनात.

"नापास झाल्याचा कागद दे."

"असा कागदच नसतो, काका. पुस्तकात फक्त पास छापलंय."

"मंग लोक नापास झाल्यावर काय देतोस?"

शेवटी एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं, 'सदर पिकअप धूर तपासणीत नापास. एक्क्याण्णव.' खाली सही, शिक्का. काकांनी तो घडी न घालता काचेच्या आत चिकटवला.

दोन दिवसांनी नाक्यावर हवालदारानं त्यांना थांबवलं. पीयूसी मागितली. काकांनी काचेकडं बोट दाखवलं. हवालदारानं कागद दोनदा वाचला, गाडीकडं पाहिलं, सायलेन्सरकडं पाहिलं.

"काका," तो म्हणाला, "इतकी वर्षं गाड्या अडवतोय, खरा कागद आज पहिल्यांदा बघतोय." त्यानं दंडाची पावती फाडली ती फाडलीच. पण फाडण्याआधी सॅल्यूट ठोकला.

*

मग काका इरेला पेटले. फिल्टर बदलला, सत्त्याऐंशी. पंप आणि नोझल उतरवून दुरुस्त करून आणले, एकोणऐंशी. प्रत्येक वेळी मी म्हणायचो, "काका, विकून टाका." प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "शेठपन हेच बोलतो. तुमी दोगं एकाच शालेत होतात का?"

शेवटी इंजिन खोलायचं ठरलं. फिटरनं रिंगा, पिस्टन सगळं नवं घातलं. तीन आठवडे पिकअप गॅरेजला, काका रोज तिच्या बाजूला स्टूल टाकून बसलेले. एकदा त्यांच्या घरच्या गोमीकाकू डबा घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "माझं डोल्यांचं ऑपरेशन झालं ना मास्तर, तवा ह्यो मानूस एक दिस बसला नाय."

काका म्हणाले, "तुझ्या डोल्यांना कोन हसलं नव्हतं."

काकूंनी डबा ठेवला आणि जाताजाता पिकअपच्या बॉनेटला हळद-कुंकू लावून गेल्या.

*

चौथ्या खेपेला आकडा आला अठ्ठावन्न.

मी ओरडलोच, "काका, पास!"

"परत लाव."

परत अठ्ठावन्न. तिसऱ्यांदा सत्तावन्न. काकांनी टोपी काढून तोंड पुसलं. मी पुस्तक उघडलं आणि माझ्या हाताला सवयीनं बेचाळीस लिहायची हुक्की आली. थांबलो. आधीची पानं उलटली. बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस. त्यात त्या शेठचे डंपरही होते, सगळेच्या सगळे. मला माझीच शिसारी आली. मी अठ्ठावन्न लिहिलं. त्या पुस्तकातला तो पहिला खरा आकडा.

*

दुसऱ्या दिवशी काकांचा निरोप आला, 'मास्तर, मशीन घेऊन जूचंद्रला ये.'

गेलो. गावाच्या तोंडाशी पिकअप आडवी उभी, तिच्या मागं अकरा डंपर, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव. बैठकीत हसलेले भाऊबंद आज काकांच्या पाठीशी उभे होते. काकांच्या हातात माझा अठ्ठावन्नचा कागद. मला बघून ते एवढंच म्हणाले, "माझी झाली. आता त्यांची लाव."

शेठ गाडीतून उतरले. हातात फाइल.

"कशाला लावायची? सगळं झालेलं आहे." त्यांनी एकेक कागद बॉनेटवर मांडला. अकरा डंपर, अकरा सर्टिफिकेटं, अकरा बेचाळीस. "मास्तर, सही तुमचीच आहे ना?"

हो म्हणून पुन्हा मशीन लावलं की कागद खोटे ठरून माझं लायसन जाणार, हे शेठला माहीत होतं. मलाही होतं. काकांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते गोमीकाकूंच्या बाजूला उभे राहून पहिल्या डंपरच्या सायलेन्सरकडं बघत होते.

मी नळी उचलली.

"माझीच आहे, शेठ. म्हणून तर खात्रीनं सांगतो, यातली एकही गाडी तपासलेली नाही." आणि पहिल्या डंपरच्या ड्रायव्हरला म्हणालो, "दे रेस."