साकरदऱ्याच्या रेल्वे कारखान्यातले खांब

"शुभे, या रविवारी जाऊन येऊ. पुढच्या वर्षी मला दिसेल की नाही कोण जाणे," बाबा चहा पिता पिता म्हणाले आणि माझी सगळी कारणं तिथल्या तिथे संपली. बाबांच्या नजरेत मधोमध डाग आलाय. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. डॉक्टर म्हणतात हा वाढतच जाणार, त्यावर इलाज नाही.

जायचं होतं साकरदऱ्याला. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, त्यात तुमची काही चूक नाही. घोटीच्या पुढे हायवे सोडून आत शिरलं की लागणारं हे एवढंसं गाव. एकेकाळी इथून छोट्या रुळांची गाडी धावायची. ती बंद पडली, रूळ उचलून नेले, पण तिची इंजिनं दुरुस्त करायचा दगडी कारखाना तेवढा शिल्लक राहिला. यंदा त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. जुन्या इमारती बघत हिंडायचं माझं वेड या ब्लॉगच्या वाचकांना माहीत आहेच, त्यामुळे मला बघायचा होता तो कारखाना. बाबांना मात्र त्यातला एकच खांब बघायचा होता.

त्याचं असं आहे. माझे आजोबा कोकणातून घाटावर आले ते याच कारखान्यात लोहारकाम करायला. तिथे कामगारांची एक रीत होती. माणूस रिटायर झाला की त्याच्या जोडीदारांनी त्याच्या कामाच्या जागेजवळच्या लोखंडी खांबावर पोलादी पंच आणि हातोडी घेऊन त्याचं नाव ठोकायचं, एकेक अक्षर करत. आजोबा नोकरीत असतानाच गेले. रिटायर होणं नशिबी नव्हतं, म्हणून तेरावं झाल्यावर जोडीदारांनी त्यांचंही नाव ठोकलं आणि लहानग्या बाबांना उचलून ते दाखवलं. आमच्या घरात आजोबांचा एकही फोटो नाही. त्यांच्या हातचं काही नाही. त्यांचं म्हणावं असं जगात जे काही उरलं होतं, ते त्या खांबावर.

"डोळ्यांनी नाही तर बोटांनी वाचेन," बाबा म्हणाले. "आणि तुला दाखवेन. म्हणजे माझ्यानंतर कुणाला तरी ठाऊक राहील."

मुलुंडहून अंधार असतानाच निघालो. ऐका माझं, तुम्हीही लवकरच निघा. भिवंडी बायपासवर ट्रक जागे झाले की वाट लागली म्हणून समजा. आसनगावपर्यंत रस्त्याची कामं आणि वळवलेल्या लेन, माझ्या तोंडून दोन-चार शिव्या गेल्या. बाबा शेजारी शर्टाची वरची बटणं लावून ताठ बसलेले, जसे काही ड्यूटीवर चाललेत. आयुष्यभर त्यांनीही रेल्वेतच नोकरी केली, मुंबईच्या कारखान्यात फिटर म्हणून. कसारा घाट चढताना धुकं होतं, ते म्हणाले, "तुला दिसतंय ना गं रस्ता? मला तर रोजच असं दिसतं." आणि स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही.

घोटीला मिसळ खाल्ली. ऐंशी रुपये प्लेट, रस्सा मागाल तितका, आणि तिखट म्हणजे कान लाल होतील असं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांच्यासाठी घरून काहीतरी घ्या, कारण पुढे साकरदऱ्यात हॉटेल नाही. चहाची एक टपरी आहे, ती दुपारी बंद. घोटीतून आतला रस्ता अरुंद पण बरा आहे. भाताची कापणी झाली होती, खाचरांत पेंढ्या उभ्या होत्या. गाव यायच्या आधी दगडी खांबांवरची पाण्याची टाकी दिसते. ती दिसली की डावीकडे वळायचं.

कारखान्याची किल्ली असते रामाकाकांकडे. हे बाबांचे बालमित्र. दोघांचे वडील एकाच भट्टीवर कामाला होते. रामाकाका पुढे त्याच कारखान्यात लागले आणि कारखाना बंद झाल्यावरही गावातच राहिले. आता पाहुणे आले की कुलूप उघडून सगळं दाखवतात. तिकीट नाही, फक्त आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो.

"किती वाळलास रे वश्या!" काका फाटकातूनच ओरडले.

"तू दिसतच नाहीयेस मला, म्हणून तुला सांगता येत नाही," बाबा म्हणाले. दोघं एकमेकांचे दंड धरून उभे राहिले.

आता कारखान्याबद्दल. अहो, काय इमारत आहे! भिंती काळ्या दगडाच्या, कमानींना मात्र लाल विटांची किनार. तिकोनी दर्शनी भिंतीत वर गोल खिडकी. छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, आणि प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची, तीही उत्तरेकडे तोंड करून. त्यामुळे आत ऊन कधीच येत नाही, नुसता उजेड येतो. सगळीकडे सारखा, शांत. लेथवर काम करणाऱ्याच्या हातावर सावली पडू नये म्हणून ही सोय. पायाखाली फरशी नाही, लाकडाचे ठोकळे उभे बसवलेत, अवजार पडलं तर तुटू नये आणि दिवसभर उभं राहणाऱ्याचे पाय भरून येऊ नयेत म्हणून. ओतीव लोखंडाचे खांब आतून पोकळ आहेत, छपरावरचं पावसाचं पाणी त्यांच्यातूनच खाली उतरून गटारात जातं. मी वेड्यासारखे फोटो काढत सुटले.

एक गोष्ट मात्र सुरुवातीपासून डोळ्यांत खुपत होती. सगळं फार चकचकीत होतं. भिंतींना खाली गेरूचा पट्टा, वर चुना. दारं हिरवी. खांब चंदेरी, नवीन पातेल्यासारखे.

"दिवाळीच्या आधी समिती आली होती ना पाहणीला," काका म्हणाले. "दर्जा द्यायचा की नाही ते ठरवणार होते. मग आम्ही सगळी म्हातारी मंडळी बसलो. म्हटलं, इन्स्पेक्शन आहे! गावातली पोरं लावली कामाला. घासा, लांबी भरून खळगे बुजवा, रंग मारा."

रेल्वेतल्या कुणाच्याही घरी विचारा. मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार म्हटलं की झाडांच्या बुंध्यांपासून कुंड्यांपर्यंत सगळ्याला रंग लागतो. बाबाही जन्मभर तेच करत आले. इथे कुणी आळस केला नव्हता, कुणी पैसे खाल्ले नव्हते. आपला कारखाना पास व्हावा म्हणून साकरदऱ्याच्या लोकांनी जीव तोडून, त्यांना जे उत्तम येत होतं ते केलं होतं. पण खांब चंदेरी आहेत हे लक्षात आलं तेव्हाच मला आजोबांच्या नावाची काळजी लागली होती.

लोहारशाळा शेवटी आहे. तिथपर्यंत अखंड बडबड करणारे रामाकाका दारातच थांबले. "तुम्ही बघा. मी जरा पलीकडचं कुलूप बघून येतो," म्हणाले आणि गेले.

बाबांना वाट सांगावी लागली नाही. भट्टीचं तोंड हाताने चाचपलं, तिकडे पाठ केली आणि सरळ चालत समोरच्या खांबाशी गेले. दोन्ही तळवे खांबावर ठेवले. छातीच्या उंचीपासून वर, मग डावीकडे, मग पुन्हा खाली. मी बघत होते. खांब गुळगुळीत होता. ग्राइंडर मारून घासलेला, वर लांबी भरलेली, त्यावर रंगाचे दोन हात.

"बाबा, दुसरा खांब असेल."

"हाच आहे."

तरी मी बाकीचे सगळे खांब बघितले. मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघितले. एकावरही अक्षर नव्हतं. किती माणसांची नावं असतील तिथे, देव जाणे. मला भयंकर राग आला. म्हटलं, आता येऊ देत काका, त्यांना विचारतेच. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं. "गप. एक शब्द नाही."

काका परत आले, पण आत आलेच नाहीत. दारातूनच विचारलं, "काय वश्या, कसं झालंय काम?"

"झकास," बाबा म्हणाले. "आपला जनरल मॅनेजर असता तर बक्षीस देऊन गेला असता."

काका हसले नाहीत. "चला, भाकऱ्या गार होतायत," एवढंच म्हणाले.

जेवण त्यांच्याच घरी झालं. नागलीची भाकरी, उडदाचं घुटं, लसणाची चटणी. बाबांनी मागून घेतलं म्हणून मीही घेतलं. निघताना काकूंनी पिशवीभर तांदूळ दिला. काका गाडीशी आले, बाबांच्या खिडकीच्या काचेवर हात ठेवून उभे राहिले, आणि मी गाडी सुरू केल्यावरच हात काढला.

तुम्ही साकरदऱ्याला जरूर जा. तो उत्तरेचा उजेड बघायलाच हवा, आणि आता इमारतीला कुणी हात लावणार नाही, ती टिकेल. पण तुमच्या माहितीत असं जुनं काही असेल आणि तिथे अजून रंग लागला नसेल, तर आधी कागद आणि पेन्सिल घेऊन जा. कागद खांबावर धरून वरून पेन्सिल घासली तरी अक्षरं उमटतात. आम्ही यंदा गणपतीत जायचं ठरवत होतो, पाऊस आहे म्हणून पुढे ढकललं. तेव्हा नाव होतं. याची हळहळ काही केल्या जात नाही.

मुलुंडला घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. वाटभर मी धुमसत होते. बाबांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि शेवटी फुटलेच. "तुम्ही त्यांना का नाही विचारलं? आजोबांचं होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकलं आणि तुम्ही झकास म्हणता?"

बाबांनी पाणी संपवलं. "आमच्या नावाच्या वर त्याच्या बापाचं नाव होतं, शुभे," ते म्हणाले. "मी विचारलं असतं, तर तेही आपणच घासायला लावलं हे त्याला तोंडाने सांगावं लागलं असतं."