फाटकापलीकडची हाक

आमच्या सुकापूरच्या सोसायटीत कार्यक्रम असला की स्पीकर लावायला एकच माणूस यायचा. नाव मी कधी विचारलंच नाही, नुसतं दादा म्हणायचे. स्पीकरशेजारी तो रिसिव्हरची छोटी पेटी ठेवायचा, माइकमध्ये नवे सेल घालायचा आणि पेटीवरचा हिरवा दिवा लागला की माइक घेऊन चालत सुटायचा. बिनवायरचा माइक कुठपर्यंत चालतो ते बघायला. चालताना बोलायचा मात्र एकच वाक्य, "आये, ताट वाढ, मी आलो!"

खुर्च्या मांडणारे सगळे हसायचे. यंदा हळदीकुंकवाला आधीच उशीर झाला होता, म्हणून मी वैतागून म्हणाले, "दादा, सगळ्यांसारखं हॅलो-हॅलो म्हणा की!"

"हॅलोला कोन ओ देतं, ताई?" तो म्हणाला. "आमी शेतातनं अशी हाक मारली का घरातनं आय ओ द्यायची. आता आय नाय, आन् घर होतं तिथं विमानाची धावपट्टी हाय."

एवढं बोलून तो पुन्हा निघाला. मंडपातून, पार्किंगमधून, थेट फाटकाबाहेर. "आये, ताट वाढ..." तिथं स्पीकर खरखरला आणि बंद पडला. माइक कुठपर्यंत चालतो ते कळलं होतं, त्यानं आता परत यायला हवं होतं. पण तो रस्त्याच्या कडेला उभा होता आणि त्याचे ओठ अजून हलत होते. उशीर होत होता, तरी मला त्याला बोलवावंसं वाटेना. थोड्या वेळानं त्यानं माइक खाली घेतला आणि मान जराशी कलती करून तो ऐकत राहिला.