बर्फवाल्या काकांचे हात

उकाडा हा आपला खाजगी शत्रू आहे आणि आपल्याला चुकवून त्याने मालवणात कुणालाही गाठता कामा नये, अशी आमच्या शेजारच्या बर्फवाल्या काकांची जन्मभराची भूमिका आहे. जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं लाद्या काढून ते निवृत्त झाले, पण मासळी थंड ठेवायची खोड तेवढी निवृत्त झाली नाही, ती माणसांवर घसरली. कुणी घामेजलेला दिसला की काका दोन्ही हात काखेत घालून घटकाभर उभे राहतात आणि मग दोन बोटं त्याच्या मानेमागे टेकवतात. कुडाळच्या एका लग्नात आहेर द्यायला स्टेजवर चढले आणि नवऱ्याचीच मान तपासून सासऱ्याला म्हणाले, "आधी ह्येचो कोट काडा, नायतर जावई हयसरच वितळतलो." त्या लग्नाच्या फोटोत नवरा नुसत्या शर्टावर आहे आणि सगळ्या मांडवात तो एकटाच हसतो आहे.

दीड महिन्याची लेक घेऊन माझी बायको माहेरून आली ती गेल्या वर्षी, ऐन मे महिन्यात. नातीला वारा बाधू नये म्हणून माझ्या आईने खिडक्या लावल्या, दोन झबली, टोपडं आणि मोजे चढवले, वर गोधडी घातली. पोरीच्या गळ्यावर घामोळं उठलं. पाच दिवस ती झोपली नाही आणि तिने बायकोलाही झोपू दिलं नाही. सहाव्या दिवशी बायको बॅग भरायला लागली. मी, घरातला कर्ता पुरुष, विहिरीवर जाऊन उभा राहिलो.

पोरीचं रडणं ऐकून काका आले. काखेत हात घालून उभे राहिले, मग मानेमागे बोटं लावली. "वयनी, ह्यां चेडू आसा की मुरत ठेयलली सुरमय?" आई म्हणाली, "भावोजीनु, हात लावन बगा, पाय थंड आसत तेचे." "पोरांच्या पायांका इचारूचा नाय. मान खरा सांगता." गोधडी, टोपडं, मोजे सगळं निघालं, अंगावर एक सुती झबलं राहिलं. खिडकी उघडली. टेबलफॅन त्यांनी भिंतीकडे तोंड करून लावला, म्हणजे वारा खोलीत फिरेल, पोरीवर येणार नाही. आईला वाटलं हा माणूस आता बर्फाची लादी आणतो की काय. तसं काही झालं नाही. पोर झोपली, तीन तास झोपली, आणि बायको तिच्या शेजारी बसल्याबसल्या झोपली. आई दर दहा मिनिटांनी पाय चाचपत होती, शेवटी तिने मान चाचपली. ती कोरडी आणि बेताची कोमट होती. तिने काकांना कोकम सरबत नेऊन दिलं आणि मी बॅग गुपचूप माळ्यावर टाकली.

काका सरबत पीत होते तेव्हा मी विचारलं, आधी हात काखेत का घालता. "कारखान्यातसून येयचंय तेवा हात बर्फ झालेले," काका म्हणाले. "त्या हाताक आमचा चेडू सदाच तापलला लागायचा. दोनदा तेका डॉक्टरकडे पळवलंय. तिसऱ्यांदा डॉक्टरान माझोच हात धरल्यान आनि माकाच घराक धाडल्यान. मगे माझ्या बायलेन, तेच्या आवशीन सांगल्यान, निजलल्या चेडवाक हात लावूचो नाय." पेला खाली ठेवून म्हणाले, "आनि मी येयचंय तेवा ता निजललाच असायचा."

या मे महिन्यात त्यांची ती लेक मुंबईहून आली आहे. वय पस्तिशीचं. परवा दुपारी ओसरीवर चटई टाकून झोपली होती. मी कुंपणापाशी होतो. काका आले आणि काखेत हात घालून उभे राहिले. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, हात कधीचे चारचौघांसारखे गरम झालेत, तरी ते खूप वेळ उभे राहिले. मग वाकून त्यांनी तिच्या मानेमागे दोन बोटं टेकवली. तिने डोळे उघडले नाहीत. "बाबा, रवांदे हात थयच," एवढंच म्हणाली.

काकांची कंबर दुखते, दोन मिनिटंही त्यांना वाकवत नाही. हात न काढता ते तसेच वाकून राहिले. मी घरात गेलो.